आवडाबायचा धरलेला कोंबडा

ऐका. ही गोष्ट मी पाहिलेली नाही. माझ्या आजोबांच्या आजोबांनीही पाहिलेली नाही. पण भेरलेवाडीत तुम्ही कधी गेलात, तर ती तुम्हाला तिथल्या उंबरठ्यावरच भेटेल.

फार वर्षांपूर्वी, घाटात गाड्यांचा रस्ता नव्हता तेव्हा, एक पायवाट भेरलेवाडीवरून वर चढायची. त्या वाटेने बैलांच्या पाठीवरून मीठ घाटावर जायचं आणि मिरची, गूळ खाली यायचा. त्या बैलांमागे चालणाऱ्यांत धाकू नावाचा एक माणूस होता. त्याची बायको आवडा. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. घरात ती दोघंच, आणि अंगणात चार कोंबड्या.

एका वर्षी तांडा परत आला आणि त्यात धाकू नव्हता. घाटमाथ्यावर त्याच्या बैलाचा पाय मोडला होता. बैल सोडून यायला धाकूचं मन घेईना. तो तिथेच थांबला, आणि त्याने निरोप दिला, "बैल बरो झालो काय येतंय, आवडाक सांगा."

बैलाचा पाय बरा व्हायला किती दिवस लागतात? भात कापून झालं, शिमगा गेला, पुन्हा पेरणी आली. धाकू आला नाही. शोधायला गेलेले हात हलवत परत आले. तेव्हा आवडाने गावाच्या राखणदाराला, म्हणजे वेशीवरच्या वडाखाली बसणाऱ्या देवाला, नवस केला. सगळा गाव जमला. नुकताच तुरा फुटलेला एक कोंबडा तिने पुढे धरला आणि गावकराने, म्हणजे गावच्या मानकऱ्याने, देवापुढे गाऱ्हाणं घातलं:

"बा देवा राखणदारा म्हाराजा! ह्या आवडाचो घोव परत येवंदे. ज्या दिसाक त्याचो पाय तिच्या खळ्यात पडात, त्या दिसाक ह्यो कोंबो तुका!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव एका सुरात म्हणाला.

आता आमच्याकडे 'व्हय म्हाराजा' म्हणणं म्हणजे पोरखेळ नाही. जो म्हणतो तो बांधला जातो. म्हणून त्या दिवसापासून कोंबडा देवाचा झाला. त्याला विकायचं नाही, मारायचं नाही, काठीसुद्धा उगारायची नाही. आणि धाकूचा पाय खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पडेपर्यंत त्याला कापायचंही नाही.

कोंबडा वाढला. आणि असा वाढला की विचारू नका. असं म्हणतात, की त्याचा तुरा जास्वंदीएवढा होता आणि पायामागची नखं बाभळीच्या काट्यांसारखी. खळ्यात कोणी पाऊल टाकलं की पंख पसरून तो सरळ छातीवर यायचा. खुद्द गावकराचं धोतर त्याने फाडलं. एकदा बिबट्या कोंबड्यांच्या वासाने कुंपणाची वई उडून आत आला, आणि नाक रक्ताळून तसाच परत उडाला, असं म्हणतात. गाव त्याला जावई म्हणायचा. बोलायचं नाही, हात लावायचा नाही, जे करील ते गुमान सोसायचं. मग दुसरं काय म्हणणार?

पण हसता हसता लोकांच्या एक गोष्ट ध्यानात आली. खळ्यात धाकूचा पाय पडला की कोंबड्याची मान जाणार. म्हणून तो कोणाचाच पाय पडू देत नाही. देवाच्या वडाखाली आपल्या मरणाचं बोलणं त्याने कान देऊन ऐकलं होतं, असं म्हणतात.

हळूहळू आवडाकडे येणंजाणं तुटलं. शेजारची लक्षी रोज सकाळी तिच्या चुलीतला विस्तव न्यायला यायची. नारळाच्या करवंटीत निखारा घ्यायचा, दोन शब्द बोलायचे आणि जायचं. एक दिवस कोंबड्याने लक्षीची पोटरी फोडली. मग लक्षी पलीकडच्या घरून विस्तव आणू लागली. भांडण झालं नाही, कोणी कोणाला वाईट बोललं नाही. नुसतं येणं थांबलं, आणि न येण्याचीही सवय होते. सणाला आवडा वड्यांचं पीठ भिजवायची आणि वडे थंड होईपर्यंत बेड्याकडे, म्हणजे कुंपणाच्या फाटकाकडे, बघत बसायची. दिवसभरात तिचा आवाज ऐकणारा तो कोंबडाच.

अशी वर्षं गेली. आवडाचे केस पिकले.

मग एका संध्याकाळी ती नदीवरून धुणं घेऊन आली, तर बेड्याबाहेरच्या धुळीत पावलं उमटली होती. अनवाणी पुरुषाची पावलं, आणि शेजारी बैलाचे खूर. तीन खूर नीट उमटलेले आणि चौथा फरपटलेला.

पावलं बेड्यापर्यंत आली होती आणि तिथूनच मागे वळली होती.

आवडाच्या हातातलं धुणं खाली पडलं. ती लक्षीच्या दारात धावली.

"कोण इल्लो?"

लक्षी खाली बघत म्हणाली, "दाढयेचो माणूस होतो. वांगडा लंगडो बैल. 'कोण आसा घरात?' म्हणान हाक मारल्यान. कोंबो अंगार धावलो. बाहेरच उभो रवलो, परत हाक मारल्यान. मगे गेलो."

"तू ओ कित्याक नाय दिलंस?"

"माका वाटला, तुझ्या घरात माझा काय काम."

आवडा खुरांच्या मागे धावत सुटली. पण गावाबाहेर कातळ लागतो, आणि कातळावर ठसा उमटत नाही. तिथे उभी राहून तिने हाका मारल्या. त्या हाका घाटावर आपटून तिच्याकडेच परत आल्या.

ती परतली तेव्हा सगळा गाव बेड्याबाहेर उभा होता. गावकर म्हणाला, "आता ह्येच्या मानेर सुरी ठेव, आवडा. देवाची माफी आमी मागतंव."

आवडा सुरी घेऊन खळ्यात गेली. कोंबडा तिच्यावरही धावला. तिने त्याला हवेतच पकडलं, पंख मिटवून काखेत दाबलं आणि सुरी वर केली. तो तडफडला, चोचीने तिचा दंड फोडला. तिने पकड सोडली नाही. हळूहळू त्याची धडपड थांबली. त्याचं काळीज तिच्या बरगडीला लागून धडधडत होतं. इतक्या वर्षांत तिच्या अंगाला कुणाचं ऊबदार अंग लागलंच नव्हतं. कोंबड्याने मान तिच्या हातावर टाकली आणि डोळे मिटले.

आवडा सगळ्या गावादेखत रडली. सुरी फेकून देत म्हणाली, "तुका मारलंय तर मी कोणावांगडा वाट बघू?"

आणि खरंच होतं ते. वाट बघायला तिला सोबत होती ती त्याचीच. धाकूचा पाय पडण्याआधी कोंबडा देणं म्हणजे, आता तो येत नाही, असं आपणच देवाला सांगणं. ते तिच्याच्याने झालं नाही.

त्या दिवसापासून आवडाने कोंबडा खाली सोडला तो फक्त दाणे टिपायला. बाकी सारा वेळ तो तिच्या काखेत. पाण्याला जाताना काखेत, भात झोडताना काखेत. आणि बेड्याशी कोणाचीही चाहूल लागली की ती आतूनच ओरडायची, "येवा, कोंबो धरलंय!"

पहिली आली लक्षी, रिकामी करवंटी घेऊन. आवडाने चुलीतला निखारा तिच्या करवंटीत घातला. लक्षी तिच्या पायाशी बसून रडली. मग इतरही येऊ लागले. लांबलांबच्या गावांतून लोक आपले मारके कोंबडे घेऊन येऊ लागले. आवडाबाय त्यांना सांगायची, "मारू नको, पळू नको. काखेत धर आणि चलत रव. मारलंस तर तो झगाडतलो. धरलंस तर गप रवतलो." असं म्हणतात, की तिच्या काखेतून उतरलेला कोंबडा पुन्हा कोणावर धावला नाही.

घर माणसांनी भरायचं. पण माणसं आपापल्या घरी गेली, की ती काखेत कोंबडा घेऊन बेड्याशी उभी राहायची आणि घाटाकडे बघायची. गर्दीने तिचं एकटेपण गेलं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते खोटं होईल.

तो कोंबडा दुसरा कुठलाच कोंबडा जगणार नाही इतका जगला. आणि एका सकाळी लक्षी विस्तवाला गेली, तर आतून हाक आली नाही. बेडं उघडं होतं. चुलीत निखारे होते, घरात आवडा नव्हती, कोंबडा नव्हता. आणि खळ्यात बैलाचे खूर होते, तीन नीट, चौथा फरपटलेला, आत आलेले. राखणदाराच्या वडाखाली रक्ताचा थेंब नव्हता. तिथे नुसतं एक तांबडं पीस पडलं होतं, असं म्हणतात.

आता तुम्ही विचाराल, ते खूर पाहिले कोणी? एकट्या लक्षीने. गाव गोळा होईपर्यंत वाऱ्याने धूळ सारखी झाली होती. आणि ते खूर दिसावेत असं लक्षीला किती वाटत असेल, ते तुम्हीच समजून घ्या.

भेरलेवाडीत आजही कोंबड्याला कोणी काठी मारत नाही. मारका निघालाच, तर त्याला काखेत धरून वडाला एक फेरी घालतात आणि घरी आणतात. आणि तिथे तुम्ही कोणाच्याही बेड्याशी उभे राहून 'कोण आसा घरात?' अशी हाक मारा. घरात कोंबडा असो नसो, ओ येते. घर बंद असेल, धनी परगावी असेल, तरी येते. शेजारीण हातातलं काम टाकून बाहेर येते आणि तुम्ही वळून जाण्याआधी ओरडते:

"येवा, येवा! कोंबो धरलंय!"