खवलीचा एकमताचा कायदा

फार जुनी गोष्ट. तेव्हा जनावरंही कायदे करायची आणि आपल्यासारखीच करून पस्तावायची. म्हशींनी लोळायला म्हणून ओढ्यात दगडमातीचा बांध घातला. खवली मासोळी बांधाच्या वर अडकली, धाकटी बहीण खाली राहिली. रोज संध्याकाळी पलीकडून बहिणीची शेपटी चुबुक वाजायची आणि खवली बांधाला चिकटून ऐकत राहायची.

शेवटी तिनं कायदा मांडायचं ठरवलं: वर्षातून एक दिवस बांधाला वाट ठेवावी. पण खवली पडली हुशार! सभेत कोण आडवं येईल हे ओळखून ती आधीच सगळ्यांना भेटून आली.

"पाटलीणबाई, तुमची काही हरकत?"

"अगं, पाणी वाहून गेलं तर आम्ही लोळायचं कुठं? तुझ्या डोक्यावर?" म्हैस म्हणाली.

"बरं, वाट शिंगाच्या टोकाएवढीच ठेवू."

बगळा एका पायावर उभा, मोठा साधूच की नाही! "मासे निघून गेले तर मी काय उपास धरू?"

"नको बुवा, वाटेला लव्हाळ्याची जाळी लावू."

सभेत पाय, पंख, शिंगं, सगळं वर झालं. एकाचाही विरोध नाही. खवलीचा सत्कार झाला, बगळ्यानं तर भाषणही ठोकलं.

ठरल्या दिवशी वाट उघडली. खवलीनं जाळीला तोंड लावलं. पलीकडून बहीण ओरडली, "तायडे, कायदा झाला म्हणे! मग ये की गं!"

खवलीनं जाळीला एक ढुशी दिली, पण लव्हाळा जागचा हलला नाही.

"झाला गं, एकमतानं झाला. तू जरा शेपटी वाजव. मी ऐकते."