राजरस्त्यावरच्या मोठ्या दाराची कहाणी

ऐका जलदेवते, तुमची कहाणी.

शके अठराशे सत्तावन्न, चैत्र महिना, वसंत ऋतू. त्या साली एका नगरात एक घर मोडायचं ठरलं.

घर राजरस्त्यावर होतं. ज्या सुनेच्या वेळी ते बांधलं, तिनं वसा घेतला होता. चैत्रात मोठ्या दाराशी रांजण भरावा, येईल त्याला पाणी द्यावं. जात पुसू नये, गाव पुसू नये, काम पुसू नये. हत्ती थांबत, पालख्या थांबत, वराती थांबत. घराला दुवा मिळे.

पुढं नगरात नवा रस्ता झाला. हत्ती तिकडे गेले, पालख्या गेल्या, वराती गेल्या. इकडून स्मशानाची वाट तेवढी उरली. मग सुभद्राबाई घरधनीण झाली. म्हणाली, “सुतक्यांना का पाणी पाजायचं?” उतली, मातली, रांजण उचललान, दार लावलंन. मागच्या बोळानं ये-जा सुरू झाली. विहिरीत गाळ साचला, पाणी आटलं.

तिचे यजमान म्हणाले, “पाण्यावाचून घर कसलं? अक्षय्य तृतीयेला मोडू, लाकूड विकू.”

त्यांची धाकटी सून मथुरा. तिला माहेर नव्हतं. काय ते हेच घर. ती रडू लागली. शेजारची कासारीण म्हणाली, “पोरी, रडतेस काय? टाकलेला वसा उचल.”

मग मथुरेनं मोठं दार उघडलं, नदीचं पाणी आणलं, रांजण भरला. पहिल्या दिवशी लमाण प्याला. दुसऱ्या दिवशी वेडी प्याली. तिसऱ्या दिवशी प्रेत पोचवून चौघे परतले. रस्त्यातच थबकले. “आम्ही स्मशानातून आलो, बाई. रांजणाला शिवत नाही.”

सुभद्राबाई आतून कडाडली, “मथुरे, हात आखड!”

“आत्याबाई, तहान लागली आहे ती जित्यांना.”

“पाज हो, पाज! उद्या घरही त्यांनाच देऊन टाक!”

मथुरा पायऱ्या उतरली. ओंजळीत पाणी ओतलं. ज्याची आई गेली होती, तो म्हणाला, “गोड आहे. विहिरीचं का?”

“विहीर आटली, दादा. नदीचं.”

“इतक्या उन्हात वाहून आणलंस?” त्याचे डोळे भरले.

मग तेरावं उरकलं. चौघे कुदळी-घमेली घेऊन मोठ्या दारानं आले. “ताई, विहीर दाखव.” एक दिवस गाळ काढला, दुसऱ्या दिवशी काढला, तिसऱ्या दिवशी झरा फुटला. सुभद्राबाई काठावरून बघत राहिली. मग पदर खोचलान, पहिली घागर आपण भरलीन, आई गेलेल्या पोराच्या ओंजळीत ओतलीन. म्हणाली, “पी, बाबा. माझं चुकलं.”

जशी जलदेवता मथुरेला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. तुमच्या विहिरी भरोत, दारं उघडी राहोत. साठां बोलांची कहाणी पांचां बोलीं फळास आली.

आणि लाकूडवाला गाडी घेऊन आला, त्याला सासरे म्हणाले, “पाणी पी आणि परत जा. घर मोडायचं नाही.” तो दिवस अक्षय्य तृतीयेचा.