ठिपकीचं गोड बी

एक होती उंदरी. तिचं नाव ठिपकी. ती राहायची लांब, हिमालयाच्या डोंगरात. एका पांगराच्या झाडाखाली. आपला पांगारा नव्हे हं, हा डोंगरातला पांगर वेगळा!

पांगराचं बी दिसतं छान. गोल गोल, चकचकीत. आणि खाल्लं तर? शी! कडू कडू कडू!

मग डोंगरातली माणसं काय करतात? बी सोलतात. ओढ्यात ठेवतात. पाणी वाहतं खळखळ, खळखळ. कडू जातं वाहून. बी होतं गोड. मग त्याचं पीठ. पिठाचा शिरा. आणि शिरा उपवासाला चालतो बरं!

ठिपकीनेही बी ओढ्यात ठेवलं होतं. खूप खूप दिवस. आज ठिपकीचा उपवास. दिवा लागला, की देवाला शिऱ्याचा नैवेद्य. मग ठिपकी जेवणार.

ठिपकी बी घेऊन निघाली. पुढे बी, मागे ठिपकी. बी चाललं गुडगुड, ठिपकी चालली तुरुतुरु. आणि बी सुटलं! गुडगुड गुडगुड गुडगुड... पडलं खड्ड्यात. वरून आला एक दगड. खड्ड्यावर बसला. धप्प!

ठिपकी म्हणाली,
"दगडोबा, दगडोबा, हला ना!
माझं बी मिळेना,
माझा उपवास सुटेना!"

दगड म्हणाला, "मी का आपणहून हलतो, बाळ? घोडा ढकलेल, तर मी हलेन."

ठिपकी गेली घोड्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"घोडेदादा, घोडेदादा, ढकला ना!
दगड हलेना,
माझं बी मिळेना,
माझा उपवास सुटेना!"

घोडा म्हणाला, "आई गं! पोट दुखतंय माझं. गावातली देबकीकाकी औषध देईल, तर मी ढकलेन."

ठिपकी गेली देबकीकाकीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. काकी अंगण सारवत होती.
"काकी, काकी, औषध द्या ना!
घोडा ढकलेना,
दगड हलेना,
माझं बी मिळेना,
माझा उपवास सुटेना!"

काकी म्हणाली, "अगोबाई, बघ माझे हात! कोपरापर्यंत शेण! पांगराच्या बियांचा फेस करायचा, हात धुवायचे. पांगराच्याच बिया कुटायच्या, घोड्याला द्यायच्या. पण बिया कुठायत? सगळ्या संपल्या. झाड बिया देईल, तर मी औषध देईन."

ठिपकी गेली झाडाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"पांगरबाबा, पांगरबाबा, बिया द्या ना!
काकी औषध देईना,
घोडा ढकलेना,
दगड हलेना,
माझं बी मिळेना,
माझा उपवास सुटेना!"

झाड म्हणालं, "बिया पिकल्यात गं पोरी. पण मला हात आहेत का तोडायला? वारा हलवेल, तर मी बिया देईन."

वारा होता शिखरावर. झोपला होता. घुर्रर्र, घुर्रर्र. ठिपकी चढली, चढली, दमली, पुन्हा चढली.
"वारेदादा, वारेदादा, झाड हलवा ना!
झाड बिया देईना,
काकी औषध देईना,
घोडा ढकलेना,
दगड हलेना,
माझं बी मिळेना,
माझा उपवास सुटेना!"

वारा म्हणाला, "कोण चूं चूं करतंय? नुसतं हाक मारून कुणी उठतं का? गाणं म्हण, तर मी उठेन."

ठिपकीचं पोट रिकामं. आवाज एवढासा. तरी तिने हात जोडले आणि गायली,
"फूं फूं वाऱ्या, झूं झूं वाऱ्या,
पानं तुझी वाट बघती.
देव बसले पाटावरती,
त्यांनाही भूक लागती!"

"काय? देवबाप्पाही उपाशी? आधी नाही का सांगायचं!" वारा उठला ताडकन. सूं सूं सूं!

वाऱ्याने झाड हलवलं.
झाडाने बिया दिल्या. टप टप टपाटप!

वारा म्हणाला, "घे गं, कित्ती बिया! आता ते जुनं बी कशाला हवं तुला?"
"नको वारेदादा," ठिपकी म्हणाली. "या कडू आहेत. माझं बी ओढ्यात बसून बसून गोड झालंय. मला तेच हवं."
"बरं बाई!" म्हणत वाऱ्याने बिया लोटल्या काकीच्या अंगणात. गुडगुड गुडगुड!

काकीने फेस केला, हात धुतले. चुबुक चुबुक!
काकीने औषध दिलं. कुटुक कुटुक!
घोड्याचं पोट दुखायचं थांबलं. फुर्रर्र!
घोड्याने ढकललं. हय्या!
दगड हलला. गडगड!
आणि ठिपकीचं बी मिळालं!

ठिपकीने पीठ केलं. तुपात परतलं. गूळ घातला. शिरा झाला मऊ मऊ.

दिवा लागला. ठिपकीने देवाला नैवेद्य दाखवला. "देवा, सगळ्यांना सुखात ठेव." मग पहिला घास तोंडात घातला.

कडू लागला का?
छे! गोड गोड गोड!

ठिपकीचं पोट भरलं, आपल्या गोष्टीचंही भरलं.