शेडची बातमी

“‘ताई, ही बातमी आहे की लग्नपत्रिका?’ असं तो खैरमोडे वार्ताहर तोंडावर विचारतो, माई. आता तुम्हीच सांगा, मी अजून काय लिहू?”

वनमालाताईंनी कागद पुढे केला.

सरकारी दवाखान्यासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मठातल्या येसूमाईंचं मंडळ अकरा वर्षं रोग्यांच्या नातेवाइकांना जेवू घालत होतं. सोमवारी ती शेड पाडणार, अशी नगरपालिकेची नोटीस आली होती. पेपरात छापून आलं तर वाचेल, एवढीच काय ती आशा. ताईंनी त्यासाठी गुरुवारचा उपास धरला होता.

“वाच,” माई म्हणाल्या.

मंडळाच्या कार्यक्रमात दीपप्रज्वलन कुणी केलं, अध्यक्षस्थानी कोण, शाल-श्रीफळ कुणाला, आभार कुणी मानले... मग सव्वीस जणींची नावं. पहिलं ताईंचं.

“आणि जेवलं कोण ग?”

ताईंनी कागद उलटून मागची बाजू पाहिली.

“उद्या त्या खैरमोडेला जेवायला बोलाव.”

तो आला. ताईंनी भाषण पाठच केलं होतं. त्या तोंड उघडणार, तोच माईंनी त्यांच्या हाती आमटीचं भांडं दिलं आणि खैरमोडेला पंगतीत बसवलं, पाड्यावरून आलेल्या ठमाबाईंच्या शेजारी.

ताई वाढत राहिल्या. येता-जाता कानावर पडत होतं.

“सून आत हाय, दादा. बाळंत झाली अन् शुद्धच हरपली... नऊ दिस झाले. लेकरू माझ्यापाशी. हितली भाकर नसती तर मीबी आडवी झाले असते.”

खैरमोडेची आमटी निवून गेली. त्याने वहीसुद्धा काढली नाही.

शनिवारी पहिल्या पानावर बातमी आली. दुपारी नगरपालिकेचा माणूस येऊन नोटीस रद्द केल्याचा कागद देऊन गेला.

ताई पेपर घेऊन मठात आल्या. बातमी त्यांनी माईंना वाचून दाखवली. इतकं साधं, इतकं खरं लिहिलं होतं त्याने.

“शेड वाचली, माई.” मग जरा थांबून, हळूच, “पण आपल्यातलं एकही नाव नाही हो. तुमचंसुद्धा नाही.”

“पुन्हा वाच.”

ताईंनी पुन्हा वाचलं. माई डोळे मिटून ऐकत होत्या.

“सून शुद्धीवर आली का, ते नाही यात,” माई म्हणाल्या. “जा, विचारून ये.”