झोळी आणि शिट्टी

करकर... करकर... संथ.

लहानपणी ऐकलेला वेळूचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आमच्या खिंडीला रस्ता नव्हता. आई तापानं फणफणली, तेव्हा गावकऱ्यांनी वेळूला घोंगडीची झोळी बांधून तिला खाली नेलं. मी मागून चालत होतो. वाटेत तिला झोप लागली. पुढं बरी होऊन ती आपल्या पायांनी घरी आली.

त्याच खिंडीत यंदा स्वयंसेवकांचं शिबिर होतं. मी चुलीवर, स्वयंपाकाला होतो.

“आबा, तुम्हीच सांगा, असं पथक कुठं असतं का?”

निरंजन विचारत होता. शहरातून आलेला, सगळ्यांत तयार गडी. गळ्यात शिट्टी. आजारी माणसाला झोळीतून डोंगर कसा उतरवायचा, हे तो मुलांना शिकवत होता. पावसाळ्यात वरच्या वाड्यांना हेच पथक लागणार होतं. प्रमुख तोच होणार, असं सगळे धरून चालले होते.

शिबिर आबांचं. ते वेळूवरची कुसळं चाकूनं काढत बसले होते.

“काय झालं?”

“चौघांची पावलं एकदम पडायला हवीत. डावा, उजवा. डावा, उजवा. फक्त या सुगंधाचं...”

तो अडखळला. सुगंधा तिथंच उभी होती. खालच्या वाडीची पोर.

“बोला की दादा,” ती म्हणाली. “लंगडी आहे म्हणा. पाय माझाच आहे, मला ठाऊक आहे.”

मुलं हसली. निरंजन हसला नाही.

“तिनं पाण्याच्या बाटल्या सांभाळाव्यात. खांदा द्यायला नको.”

“खांदा द्यायला म्हणू नकोस रे,” आबा म्हणाले. “माणूस जिवंत आहे अजून.”

सुगंधानं आपली पिशवी उचलली.

“बाटल्या सांभाळायला मी आले नाही, आबा. माझी आजी वाडीत एकटी असते. तिला उचलायची वेळ आली तर मला यायला हवं, म्हणून आले. ते नसेल तर घरी जाते.”

“पिशवी ठेव, पोरी.”

मग आबा निरंजनकडं वळले.

“झोप.”

“कुठं?”

“झोळीत.”

“आबा, मी शिकवतोय...”

“शिट्टी आहे ना? झोपून वाजव.”

निरंजन झोळीत आडवा झाला. त्यानं निवडलेल्या चौघांनी वेळू उचलला. शिट्टी वाजली. चार पावलं एकदम पडली. वेळू लवला, उसळला. पुन्हा लवला, पुन्हा उसळला. झोळी वर, झोळी खाली. करकच्! करकच्!

वळणापाशी शिट्टी बोबडी झाली.

“दादा, ताल चुकला!” मागून कुणीतरी ओरडलं.

झोळीतून नुसता एक हात बाहेर आला. थांबा.

निरंजनचा चेहरा पांढराफटक पडला होता. “सकाळचे पोहे...” एवढंच तो बोलला.

“पावलं चुकली का?” आबांनी विचारलं.

“नाही... पावलं बरोबर पडत होती.”

“हं.”

आबांनी त्याच्या गळ्यातली शिट्टी काढून आपल्या खिशात टाकली. पुढच्या एकाला बाजूला केलं. त्याच्या जागी सुगंधाला उभं केलं.

“आता वेळूचं ऐका,” ते म्हणाले.

आधी सगळे गडबडले.

“दगड आहे रे पुढं.”

“थांब, माझा पाय बसू दे.”

“बसला?”

“हां. चल आता.”

एकाचा पाय उचलला, तेव्हा दुसऱ्याचा टेकला. सुगंधाचा तिच्या वेळेला पडला. वेळूची उसळी गेली.

करकर... करकर... संथ.

माझ्या हातातला आमटीचा डाव तसाच राहिला.

वाटेवरच्या जांभळीच्या झाडापर्यंत जाऊन ते परत आले. झोळी हळूच खाली ठेवली. निरंजन उठेना. डोळे मिटलेले.

सुगंधा वाकली. “दादा, उठा. पोचलो.”

तो उठून बसला. तिच्या पायाकडं बघत त्यानं विचारलं,

“आबा, मग पथकाचा प्रमुख कोण?”

आबांनी रिकाम्या घोंगडीवरची धूळ झटकली.

“जो झोळीत असेल तो.”

निरंजन उभा राहिला. शिट्टी त्यानं मागितली नाही. सुगंधाची पिशवी उचलली आणि ती ठेवायला मुलींच्या तंबूकडं चालू लागला.