हळदीचं एकच घर

हळदीला घर मिळेना, आणि त्यापायी गणोजी कोठावळ्याचं घर जायची वेळ आली.

वेळूगडच्या भूपाळराव महाराजांचा हुकूमच तसा होता. ‘गडावर जे जे आहे, त्याचं दालन एकच. एक वस्तू दोन दालनांत नको, आणि बिनदालनाची वस्तू गडावर नको!’ नीळकंठशास्त्र्यांनी कोठाराची चार दालनं पाडून दिली: खाण्याचं, पूजेचं, औषधाचं आणि रंगाचं. गहू खाण्यात गेला. घंटा पूजेत गेली. हळदीपाशी सगळं अडलं.

गणोजीनं ती खाण्यात ठेवली, तर वैद्य ओरडले. औषधात ठेवली, तर पुजारी ओरडला. पूजेत ठेवली, तेव्हा आचारी आणि रंगारी दोघं मिळून ओरडले. शेवटी बिचाऱ्यानं चार दालनांत चार डबे ठेवले, आणि नेमके ते महाराजांनीच पाहिले!

“उद्या दुपारपर्यंत हळदीचं एकच घर सांग. आणि कुणाची अडचण होता कामा नये. नाहीतर गड उतर!”

चाळीस वर्षं कोठार सांभाळलेला म्हातारा घरी येऊन भिंतीला टेकून बसला. त्याची लेक सगुणा कोठाराची झाडलोट करायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि तव्यावरची भाकरी उलटली.

“आबा, हुकमात ‘जे जे आहे’ असंच लिहिलंय?”

“असंच.”

“मग जेवा. उद्या उत्तर मी देते.”

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. चिकाच्या पडद्यामागे राणीसाहेब आणि आईसाहेब येऊन बसल्या. सगुणा पुढे आली.

“बोल,” महाराज म्हणाले, “हळदीचं घर कोणतं?”

“सांगते महाराज. पण आधी दुसरी एक वस्तू लावून दाखवा, म्हणजे मला रीत कळेल.”

“कोणती वस्तू?”

“हंबीरराव.”

हंबीरराव महाराजांचे सख्खे मामा. महाराजांनी मामाचीच मुलगी केलेली, म्हणून सासरेही तेच. शिवाय गडाचे किल्लेदार.

“मी वस्तू?” हंबीररावांच्या मिशा थरथरल्या.

“हुकमात ‘जे जे आहे’ असं लिहिलंय. तुम्ही आहातच की!”

तिनं रांगोळीनं जमिनीवर तीन चौकोन काढले. “हे मामाचं दालन, हे सासऱ्याचं, हे किल्लेदाराचं. कुठे ठेवू महाराज?”

“त्यात काय! यांच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिली. मामा!”

हंबीरराव पहिल्या चौकोनात जाऊन उभे राहिले.

“मग सासऱ्याचं दालन रिकामं. राणीसाहेबांना वडील नाहीत, असं दफ्तरात लिहायला सांगू?”

पडद्यामागे बांगड्या वाजल्या. एकदाच वाजल्या, पण सगळ्या दरबाराला ऐकू आल्या.

“सासरे!” महाराज घाईनं म्हणाले. हंबीरराव सरकले.

“म्हणजे आईसाहेबांना भाऊ उरला नाही. त्यांचं माहेर बंद.”

पडद्यामागे कुणीतरी खाकरलं. ते बांगड्यांपेक्षा वाईट होतं.

“किल्लेदार! किल्लेदारच!”

“मग दोन्ही नाती गेली. शिवाय किल्लेदाराला महाराजांपुढे बसता येत नाही.”

“माझे गुडघे दुखतात,” हंबीरराव म्हणाले.

नीळकंठशास्त्र्यांनी घसा साफ केला. “महाराज, अशा वस्तूंसाठी एक वेगळं दालन काढावं. संकीर्ण.”

“मी संकीर्ण?” हंबीररावांचा हात तलवारीकडे गेला. शास्त्रीबुवा खांबामागे गेले.

महाराजांनी कपाळ पुसलं. “अगं पोरी, मग हे राहतात तरी कुठे?”

“उत्तर बुरुजाशेजारी, महाराज. एकाच घरात! ज्याला मामा हवा तो तिथेच जातो, ज्याला किल्लेदार हवा तोही तिथेच. घर एकच असलं म्हणून नातंही एकच असावं, असं थोडंच आहे? हळदीचंही तसंच केलंय. रांजण एकच, खाण्याच्या दालनात. त्याला तीन दोऱ्या बांधल्यात. एक औषधाच्या दारापर्यंत, एक पूजेच्या, एक रंगाच्या. ज्याला हळद हवी त्यानं दोरी धरून चालत यावं. सकाळी वैद्यबुवा आले, पुजारी आले, रंगारीही आला. कुणी ओरडलं नाही.”

तिघांनीही माना डोलावल्या.

“थांब!” खांबामागून शास्त्रीबुवा कडाडले. “दोरी ही सुद्धा वस्तूच! तिचं एक टोक एका दालनात, दुसरं दुसऱ्या दालनात. हुकूम मोडला! सांग, ती दोरी कोणत्या दालनात ठेवलीस?”

गणोजीनं डोळे मिटून घेतले.

“ठेवलेली नाहीच, शास्त्रीबुवा,” सगुणा म्हणाली. “बांधलेली आहे. ठेवतात ती वस्तू. बांधतात ते नातं. नात्याला दालन लागत नाही.”

मग महाराज हसायला लागले. इतके हसले, की तोल सावरायला त्यांना लोड धरावा लागला.

त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून गणोजीच्या हातात घातलं. कोठाराच्या किल्ल्या सगुणाला दिल्या, आणि उरलेल्या वस्तूंना दोऱ्या बांधायला तिच्या हाताखाली शास्त्रीबुवा दिले.

“मी आता बाहेर येऊ का?” चौकोनातून हंबीररावांनी विचारलं.

महाराजांनी पडद्याकडे पाहिलं, थोडा विचार केला, आणि कोणत्याही नात्यानं हाक न मारता नुसतंच म्हणाले, “या!”