वहाणांची रांग

फार पूर्वी एका नदीच्या दोन काठांवर दोन राज्ये होती. अलीकडच्या राज्यात एक बहीणभाऊ राहत. बहीण मोठी, भाऊ धाकटा आणि तापट. बहिणीला असा ताप आला की तो उतरेचना.

अलीकडच्या राज्यातल्या वैद्याच्या दारात कधी गर्दी नसे. गेले की दार लगेच उघडे. मात्र तो औषधाबद्दल माणसाची सावली घेई. त्याच्या घरात दोरीवर धोतरे वाळत घालावीत तशा सावल्या टांगलेल्या असत, आणि वारा नसतानाही त्या हलत.

भावाने पटकन आपली सावली दिली. औषध चांगले होते. चार दिवस ताप गेला, पाचव्या दिवशी परत आला. मग बहिणीची सावली गेली. पुन्हा चारच दिवस. तिसऱ्यांदा वैद्याने दोघांच्या पायांशी पाहिले. तिथे नुसते ऊन होते.

"आता तुमच्याकडे द्यायला काही नाही," तो शांतपणे म्हणाला, आणि दार आपोआप मिटले.

भावाने दारावर लाथ मारली. बहीण म्हणाली, "पाय मोडून घेशील. मग तुझ्या पायाला कुणाची सावली देऊ?"

भावाने तिला पाठीवर घेतले आणि नदी ओलांडली.

पलीकडच्या राज्यात घरटी रोज एक मूठ धान्य वैद्यबाईंच्या कोठारात जाई. त्यामुळे औषध सर्वांना फुकट. फक्त दारासमोर आपल्या वहाणा रांगेत ठेवायच्या आणि शेजारी बसायचे. बरे झालेला माणूस वहाणा पायात घालून घरी जाई.

रांग टेकडीपर्यंत गेली होती.

"अगं बाई," बहीण म्हणाली, "लग्नाची पंगत आहे की काय?"

भावाने तिच्या वहाणा शेवटी ठेवल्या. तेव्हा त्याच्या लक्षात आले की बहुतेक वहाणांशेजारी माणूसच नाही. काहींवर कोळ्याने जाळे विणले होते. एका जोडातून गवत उगवले होते.

वैद्यबाई रोज सकाळी पहिल्या जोडापासून सुरुवात करत. रिकाम्या वहाणांसमोर बसून त्या हात पुढे करत, हवेतच नाडी धरत आणि विचारत, "कुठे दुखतंय?" उत्तर येईपर्यंत थांबत. उत्तर येत नसे. मग त्या पुढच्या जोडाकडे सरकत. जिवंत माणसापर्यंत पोहोचता पोहोचता दिवस कलायचा.

"हे काय चाललंय?" भाऊ ओरडला.

पुढे एक म्हातारा रिकाम्या वहाणांशेजारी बसला होता. तो म्हणाला, "ओरडू नको पोरा. ही माणसं रांगेत असतानाच गेली. इथे कुणाला डावलत नाहीत. गेलेल्याच्या वहाणा फक्त घरच्यांनी उचलायच्या. या माझ्या बायकोच्या."

"मग उचला की आजोबा!"

"उचलल्या की ती गेली," म्हातारा म्हणाला. "आत्ता रोज सकाळी तिची चौकशी तरी होते."

भाऊ धावत सुटला. सगळ्या रिकाम्या वहाणा नदीत फेकायच्या, असे त्याने ठरवले होते. वाटेतल्या पहिल्याच रिकाम्या जोडाला हात घालणार, तोच मागून बहिणीची हाक आली.

"अरे, नको. ते कुणाचं तरी माणूस आहे."

तो थांबला. परत येऊन तिचे डोके मांडीवर घेऊन बसला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वैद्यबाई बहिणीपासून दोनच जोडांच्या अंतरावर आल्या होत्या. दोन्ही रिकामे. एकासमोर बसून त्यांनी हवेतली नाडी धरली आणि विचारले, "कुठे दुखतंय?" तेवढ्यात बहिणीचा श्वास थांबला.

लोकांनी तिला नदीकाठी नेले. सकाळी भाऊ तिच्या वहाणा न्यायला आला. वाकला, पण त्याचा हात पुढे जाईना. तो तिथेच बसून राहिला.

दिवस कलला तेव्हा वैद्यबाई तिच्या वहाणांसमोर बसल्या. त्यांनी हात पुढे केला. "कुठे दुखतंय, बाळ?"

भावाला वाटले, ती आता उत्तर देईल. काहीतरी चेष्टा करेल. त्याला तर वाटले, हवेत कुणीतरी श्वास घेतला. उद्याही हे असेच ऐकायला मिळेल. परवाही. त्याला उठावेसेच वाटेना.

मागे कुणीतरी खोकले. एक बाई बाळाला छातीशी धरून बसली होती. बाळाचे ओठ निळे पडले होते. ती नुसती त्या वहाणांकडे बघत होती.

भावाने बहिणीच्या वहाणा उचलल्या. उचलताना तो मोठ्याने रडला, इतक्या मोठ्याने की सगळी रांग वळून पाहू लागली.

"ती नाहीये," तो वैद्यबाईंना म्हणाला. "पुढे व्हा."

म्हातारा उठला. मग त्यानेही बायकोच्या वहाणा उचलून पदराआड लेकरू धरावे तशा उपरण्यात धरल्या. गावात निरोप गेला. एकेक जण आला, आपापल्या माणसाच्या वहाणा घेऊन गेला. रांग टेकडीवरून खाली आली.

पण त्याआधीच वैद्यबाई पुढे सरकल्या होत्या. सवयीने त्यांनी हवेत नाडी धरायला हात पुढे केला आणि त्या दचकल्या. त्यांच्या बोटांखाली बाळाचे मनगट होते. गरम. नाडी चालू होती.

तात्पर्य: औषध विकत मिळते तिथे ज्याच्याकडे देण्यासारखे उरत नाही, तो दाराबाहेर राहतो. औषध सर्वांचे असते तिथे रांग पुढे नेणे हेही सर्वांचेच काम असते, ज्याचे माणूस गेले त्याचेसुद्धा.